बोनेटमधला उंदीर

सोमवार, ७ एप्रिल २०२५

निकेतच्या कंपनीची डायरी दरवर्षी घरात येते आणि दरवर्षी मी तिच्यात दूधवाल्याचे खाडे लिहिते. यंदा वाटलं, चार ओळी आपल्याही लिहाव्यात. बोलायला माणूस हवं तर तीन जिने उतरून खाली जायला हवं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि माझे गुडघे संक्रांतीपासून मला घराबाहेर सोडत नाहीत. स्वयंपाकघराच्या ग्रिलमधून खालचं पार्किंग दिसतं, तेवढंच माझं जग.

आज मनालीची गाडी पुन्हा तापली. मनाली माझी सून. गाडी तिच्या वडिलांची. ते पेणला शाळेची बस चालवायचे, आणि स्वतःची ही जुनी छोटी गाडी लेकीच्या नावावर करून गेले. गेल्या महिन्यापासून तिने एका लॅबची नोकरी धरली आहे. उजाडलं की निघायचं, मुर्धा, राई, डोंगरी, उत्तन करत आजारी माणसांच्या घरी जाऊन रक्त घ्यायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं आणि वेळेत भायंदरच्या लॅबमध्ये आणून द्यायचं. स्वतःची गाडी आहे म्हणूनच तिला घेतलं. एप्रिल नीट पार पडला तर नोकरी कायम, नाहीतर रामराम.

आणि एप्रिल लागल्यापासून गाडीने असहकार पुकारलाय. आज मुर्ध्याच्या अरुंद रस्त्यात समोरून बस आली, वाहतूक अडकली, गाडीचा काटा वर चढला आणि बोनेटमधून वाफा. मनाली गाडी तिथेच सोडून, डबा कवटाळून रिक्षाने लॅबला गेली. दुपारी गाडी घेऊन आली तेव्हा तिचाही चेहरा तापलेलाच होता.

निकेत संध्याकाळी आला, पण रागावला नाही. माझा मुलगा आवाज चढवत नाही, हे मला सगळ्या सोसायटीला सांगावंसं वाटतं. म्हणाला, "मी आधीच बोललो होतो, तुला झेपणार नाही. असो. बघतो मी." आणि ऑफिसच्या कपड्यांतच खाली गेला. घरातला बल्ब गेला तर दोन दिवस अंधारात जेवेल असा हा मुलगा, पण बायकोसाठी हल्ली रोज संध्याकाळी बोनेट उघडून वाकलेला दिसतो. इतकं कोण करतं?

बुधवार, ९ एप्रिल

आज माझी चोरी पकडली गेली.

लहानपणी माणगावच्या स्टँडवर ड्रायव्हर एसटीच्या तोंडात बादलीने पाणी ओतायचे, ते मी बघितलेलं. म्हणून मनाली नोकरीला लागल्यापासून मी आमच्या वॉचमनला, लवूला, सांगून ठेवलं होतं की बाबा, तिच्या गाडीत अधूनमधून थोडं पाणी घालत जा. तिला सांगितलं नव्हतं. सुनेला काय काय सांगायचं?

लवूने अर्थातच खालच्या नळाचं पाणी घातलं, म्हणजे बोअरचं. आमच्याकडे खारीगावात बोअरचं पाणी किती खारं, हे बादल्यांना विचारावं. महिन्याभरात कडेला पांढरा थर बसतो. मनालीने आज रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत तसाच थर. तिने सगळं पाणी सोडून दिलं, पाइप लावून आत धुऊन काढलं आणि कोकम सरबतासारखं दिसणारं काहीतरी कॅनमधून ओतलं. त्याला कूलंट म्हणतात. हे सगळं ती मोबाइलवर बघून आणि वडिलांचं आठवून करते. एका गॅरेजवाल्याकडे निकेत विचारून आला होता. तो म्हणे इंजिनच उतरवावं लागेल, त्यापेक्षा विकून टाका. मनाली म्हणाली, आधी मी बघते.

ती वर आली. कबूल केलं एकदाचं. ती चिडली नाही, हात पुसत म्हणाली, "काळजीने केलंत, माहितीये मला. पण काळजीने केलं म्हणून चालतं असं नाही ना, आई."

मला ते लागलं. आमच्या काळी सासूला असं बोलायची हिंमत नव्हती. पण गाडी बरी झाली तर सुटले म्हणायची.

शुक्रवार, ११ एप्रिल

बरी झाली नाही. काल गोल्डन नेस्टच्या सिग्नलला उभी राहिली आणि काटा पुन्हा वर. पळत असली की ठीक, थांबली की तापते. अशी माणसंही असतात.

आज दुपारी मनाली गाडीचा एक भाग सोडवून वर घेऊन आली. पितळी चकती, मधे स्प्रिंग. म्हणाली, हा दरवाजा आहे, पाणी तापलं की आपोआप उघडतो. हा चिकटला असेल तर पाणी आतल्या आत कोंडून राहतं. आणि माझं दूध तापवायचं पातेलं घेऊन, त्यात पाणी घालून, तो भाग तिने गॅसवर चक्क उकळत ठेवला.

मी म्हटलं, अगं त्यात उद्या खीर करायची होती. ती म्हणाली, नवीन पातेलं आणून देईन, आता इथे बघा. दोघी पातेल्यावर वाकून उभ्या राहिलो. पाण्याला बुडबुडे आले, आणि ती चकती हळूच, कोणी हात न लावता, उघडली. गॅस बंद केल्यावर गार होत होत मिटली. मला गंमत वाटली. मनाली मात्र खुर्चीत बसून राहिली. "म्हणजे हाही चांगला आहे," म्हणाली. चांगला निघाला म्हणून एवढं वाईट वाटलेलं माणूस मी पहिल्यांदा बघितलं.

पातेलं तीनदा घासलं. अजून वास येतो.

रविवार, १३ एप्रिल

आज मला सुटी! निकेत म्हणाला, चला, आईला समुद्र दाखवून आणू. त्याने आणि मनालीने दोन्हीकडून धरून मला जिने उतरवलं. निघण्याआधी त्याने सवयीने बोनेट उघडून बघितलं, मग स्वतः चालवायला बसला. मनाली मागे.

मुर्ध्याला लग्नाची वरात होती. कितीतरी वेळ जागचे हललो नाही, वर एसी चालू. मी देवाचं नाव घेत काट्याकडे बघत होते, काटा जागचा ढळला नाही. निकेत हसला. म्हणाला, "माझ्या हाताखाली कशी शहाण्यासारखी वागते बघ. गाडीचा दोष नाही, मनाली, तुझी चालवायची पद्धत." मनाली मागून पुढे वाकली. बाहेरही बघत नव्हती, बोनेटकडे बघत होती.

वातावरण जरा जड झालं म्हणून मी माझी मशीनची गोष्ट सांगितली. निकेतला पाठ आहे, पण त्याला आवडते. माझ्या लग्नात मला माहेरून शिलाई मशीन मिळालं होतं. नव्याने भायंदरला आलो तेव्हा मी शेजारणींचे ब्लाउज शिवून द्यायला लागले, चांगला हात होता माझा. पण आमच्या ह्यांना भीती, की हिचे डोळे जातील. सांगून मी ऐकणारी नव्हते. मग हे काय करायचे, सकाळी कामावर जाताना मशीनमधली ती छोटी डबी, जिच्यात बॉबिन बसते, ती काढून खिशात घालून न्यायचे. डबीशिवाय मशीन नुसतं फिरतं, टाका पडत नाही. संध्याकाळी आल्यावर डबी परत जागेवर. मी आपली दिवसभर घर शोधतेय! कितीतरी महिन्यांनी मला ती ह्यांच्या खिशात सापडली. तोवर गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती.

निकेत स्टिअरिंगवर हात आपटून हसला. मनालीने विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?" मी म्हटलं, काय करणार, हसले.

परत आल्यावर गाडी गरम झाली का बघायला निकेतने पुन्हा बोनेट उघडलं. वर आल्यावर हात धुऊन मस्त जेवला. छान गेला दिवस.

मंगळवार, १५ एप्रिल

पुन्हा तेच. डोंगरीला फ्लोरिन म्हणून एक म्हाताऱ्या ख्रिश्चन बाई आहेत, माझ्याच वयाच्या. त्यांचं रक्त उपाशीपोटी घ्यावं लागतं. गाडी राईला तापून बंद पडली आणि त्या बिचाऱ्या ऊन वर येईपर्यंत पाण्यावर बसून राहिल्या. मनाली पोचली तेव्हा त्यांना घेरी येत होती. तरी म्हणाल्या, "पोरी, भूक लय लागली. पन तू येशील ते मना ठावं हाय. न्हाय जमलं तं फोन कर, बस." मनालीने ते मला दोनदा सांगितलं. लॅबच्या मॅडमनी समज दिली आहे.

मला खरं तर वाटतं, सोडावी ही नोकरी. निकेतही रोज हेच सांगतो, शांतपणे, भाजी वाढून घेताघेता. पण तिच्याकडे बघून मी आज बोलले नाही.

कपडे धुताना निकेतच्या पँटच्या खिशात एक हिरवा प्लॅस्टिकचा तुकडा सापडला. नखाएवढा, खाली दोन चपटे पाय. शेल्फवर ठेवला होता, निकेतने आल्या आल्या उचलला. म्हणाला, ऑफिसच्या कॉम्प्युटरचं आहे. बरं झालं टाकून दिला नाही ते.

शुक्रवार, १८ एप्रिल

आज गुड फ्रायडे, उत्तनकडची घरं चर्चमध्ये, म्हणून मनालीला फेरी नव्हती. निकेत मित्राकडे गेला होता. सकाळपासून ही खाली.

मी ग्रिलपाशी खुर्ची टाकून बसले. तिने गाडी जागच्या जागी चालू ठेवली आणि नुसती समोर उभी राहिली. मी वरून विचारलं, कशाची वाट बघतेस? ती म्हणाली, पंख्याची. गाडी पळते तेव्हा वारा लागतो, थांबली की वारा द्यायला पुढे पंखा असतो, तो आता लागायला हवा. काटा चढत गेला, पंखा काही हलला नाही. मग तिने गाडी बंद केली, कुठूनतरी दोन वायरी आणून बॅटरीवरून थेट पंख्याला जोडल्या, आणि पंखा असा काही गरगरला की लवू दोन पावलं मागे सरला.

पंखा चांगला, मग त्याच्यापर्यंत वीज का जात नाही? बोनेटमधल्या एका काळ्या डबीचं झाकण काढून ती बराच वेळ बघत राहिली. मग वर तोंड करून म्हणाली, "आई, पंख्याचा फ्यूज नाहीये. जळलेला नाही, नाहीच आहे. जागा रिकामी."

फ्यूज मला माहीत आहे. आमच्या जुन्या चाळीत मीटरवर असायचे, चिनीमातीचे पांढरे, मुठीएवढे. एवढी मोठी वस्तू गाडीतून कशी पडली, देव जाणे. तिने कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून नवा आणून बसवला. पुन्हा गाडी चालू ठेवून उभी राहिली. काटा अर्ध्यावर आला आणि पंखा आपोआप लागला. तिने माझ्याकडे वर बघून दोन्ही हात उडवले. मीही उडवले. मग आठवलं की पातेल्यावरून मी तिच्यावर रुसले होते, पण तोवर उशीर झाला होता.

संध्याकाळी निकेतला सांगितलं. तो म्हणाला, उंदराने नेला असेल, भायंदरचे उंदीर काहीही नेतात. मनालीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मला पटलं. फक्त एवढा फ्यूज न्यायचा म्हणजे उंदीर नव्हे, घूसच असणार.

रविवार, २० एप्रिल

लवूकडून उंदराचा पिंजरा मागवला. आत हुकाला कांदाभजी अडकवून गाडीच्या चाकाशी ठेवायला लावला. मनाली त्याला जिन्यात भेटली तेव्हा हातातला पिंजरा बघून थबकली म्हणे. तिला वाटलं असेल, म्हातारी कामाला लागली.

बुधवार, २३ एप्रिल

पिंजऱ्यात सोसायटीच्या मांजरीचं पिल्लू सापडलं. आणि फ्यूज पुन्हा गेला.

चार दिवस गाडी कशी गुणी बाळासारखी चालली होती. फ्लोरिनबाईंनी मनालीबरोबर माझ्यासाठी ईस्टरचं गोडधोड पाठवलं होतं. काल संध्याकाळी निकेत सहज बघायला म्हणून खाली गेला, बोनेट लावून वर आला आणि म्हणाला, सगळं ठीक आहे. आज सकाळी मोर्व्याला गाडी उकळली. मनालीने रस्त्यातच डबीचं झाकण काढून बघितलं, जागा रिकामी. रक्त उशिरा पोचलं, काही नमुने फेकावे लागले. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, अजून एकदा असं झालं तर ही फेरी दुसऱ्याला देणार.

मी म्हटलं, निकेत, बघ ना, काल संध्याकाळपर्यंत ठीक होतं आणि रात्रीत घूस येऊन गेली. निकेत म्हणाला, "हो ना. यापुढे असंच चालायचं."

मनाली ताटावरून उठली. आज फ्यूजचं अख्खं पाकीट आणून तिने पर्समध्ये ठेवलंय म्हणे. पर्समध्ये मावतं म्हणजे पर्सही मोठी असणार.

शुक्रवार, २५ एप्रिल

दोन दिवस गाडी तापली नाही. मनाली रोज निघण्याआधी बोनेट उघडते, काहीतरी बसवते आणि जाते. मला वाटलं, संपलं एकदाचं.

आज निकेत लवकर आला. मनाली बाजारात गेली होती. माझ्या पायाशी बसून गुडघ्यांना तेल लावायला लागला. लहानपणापासून असाच मायाळू. मग म्हणाला, "आई, तू फक्त एवढंच म्हण, की मला एकटीला जमत नाही. ती माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल."

खोटंही नाही ते. गुडघे दुखतात हे तर खरं आहे. मनाली आल्यावर मी म्हटलं, तू गेलीस की मला घरात एकटीला जमत नाही गं. तिने पिशवी खाली ठेवली. विचारलं, "तुम्हाला जमत नाही, की तुम्हाला म्हणायला सांगितलंय?" मी म्हटलं, मीच म्हणतेय. तिने भाजी निवडायला घेतली. शेवटी म्हणाली, सोमवारी लॅबला सांगते, नोकरी सोडते म्हणून.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. निकेतने जेवताना माझ्या आवडीचं श्रीखंड काढलं. मला एक घास उतरला नाही. वाटी तशीच झाकून ठेवली.

रविवार, २७ एप्रिल

आजचं आजच लिहिते.

वॉशिंग मशीनला कपडे लावताना निकेतच्या पँटचे खिसे बघितले. तेच हिरवे प्लॅस्टिकचे तुकडे. या वेळी एक नाही, तीन. मुठीत धरून बाहेर आले. मनाली तिचा लॅबचा पसारा आवरत होती. बर्फाचा डबा, हातमोजे, आणि टेबलावर एक छोटंसं पारदर्शक पाकीट. त्यात तसेच हिरवे तुकडे, रांगेने.

मी विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, फ्यूज आहेत. दुकानदार परत घेतो का बघते.

मी म्हटलं, फ्यूज पांढरा असतो. चिनीमातीचा.

"गाडीचा असा असतो, आई."

मी मूठ उघडून तिच्यासमोर धरली. ती दचकली नाही. तेव्हाच मला कळलं की तिला केव्हाचं माहीत आहे. विचारलं, तर म्हणाली, गुड फ्रायडेला जागा रिकामी दिसली तेव्हाच. उंदीर फ्यूज कुरतडेल, झाकण काढून अलगद उचलून परत झाकण कसं लावेल? मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "कोणाला बोलू? तुम्ही पिंजरा लावत होतात."

मी खाली बसले. मला निकेतचा राग आधी आला नाही. आधी आला तो ह्यांचा, आठ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा. ती डबी मी महिनोन् महिने शोधत होते. गादीखाली, धान्यात, मोरीत. नाक्यावरच्या मुलीचा लग्नातला ब्लाउज मी न शिवता परत दिला होता, आणि ती मुलगी माझ्या दारात रडली होती. हे मी गोष्टीत कधी सांगत नाही. गोष्टीत फक्त खिशात डबी सापडते आणि सगळे हसतात. खिशात सापडली तेव्हा मी हसले नव्हते. मशीनसमोर बसून रिकामंच पायाने चालवत राहिले होते, टाका न पडणारं. निकेत शेजारी बसून अभ्यास करत होता. त्यानंतर मी मशीन विकलं.

मनालीला म्हटलं, लॅबला काही सांगायचं नाही. माझे गुडघे माझे मी बघेन. ती रडली, आणि मग तिला बघून मीही. बऱ्याच वर्षांनी मोकळं वाटलं, आणि तितकीच भीतीही. घर एकच आहे आणि निकेत माझाच मुलगा आहे.

सोमवार, २८ एप्रिल

मनाली उजाडताच गेली. लवूला सांगून पिंजरा वर मागवला, आंघोळ घातल्यासारखा धुतला, पुसला. निकेत नाश्त्याला बसला तेव्हा त्याच्या पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला. हुकाला भज्याच्या जागी हिरवा फ्यूज अडकवला होता.

तो बघत राहिला. मग हसण्याचा प्रयत्न करून म्हणाला, हे काय? मी म्हटलं, उंदीर शोधत होते ना मी कधीची.

त्याने आवाज चढवला नाही. तो चढवतच नाही. म्हणाला, "आई, मी काळजीपोटी केलं. पहाटे एकटी फिरते, रस्ते कसले, माणसं कसली. पप्पा नाही का तुझी डबी न्यायचे? तूच सांगतेस, हसत हसत."

"सांगते," मी म्हटलं. "पण मला ते कधीच आवडलं नव्हतं, निकेत."

तो पोहे तसेच टाकून ऑफिसला गेला. मी पिंजरा आवरला नाही. संध्याकाळपर्यंत टेबलावर तसाच होता.

बुधवार, ३० एप्रिल

आज अक्षय्य तृतीया. मनालीला कायम केलं. मॅडमनी पेढा दिला, तो तिने अर्धा मला आणला.

सकाळी मी तिच्याबरोबर गेले होते. जिना मी एकटीने उतरले, कठड्याला धरून, प्रत्येक मजल्यावर बसत. लवू म्हणाला, सुगंधाकाकी, उचलू का? त्याला म्हटलं, बाजूला हो. फ्लोरिनबाईंना भेटायचं होतं. दोघी म्हाताऱ्या त्यांच्या ओट्यावर बसलो, त्यांनी रक्त दिलं आणि मला सुके बोंबील दिले.

परत येताना मुर्ध्याला समोरून मासळीचा टेम्पो आला आणि मागे बस. सगळं अडकलं. ऊन मी म्हणत होतं. काटा हळूहळू वर यायला लागला. मनालीने चावीवर हात ठेवला, मी तिच्या हातावर. मग पुढे घर्र करून आवाज आला.

"पंखा लागला," ती म्हणाली.

काटा थांबला, मग खाली आला. टेम्पो सरकला, आम्हीही.

निकेत तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलतो आहे. आज संध्याकाळी पूर्वीसारखा खाली जायला चप्पल घालून दारापर्यंत गेला, थांबला आणि परत येऊन टीव्ही लावून बसला. श्रीखंड वाढलं तर नको म्हणाला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, माझ्या पोटचा आहे. मनाली त्याच्याशी पूर्वीसारखीच बोलते, पण फ्यूजच्या पाकिटासकट पर्स उशाशी घेऊन झोपते.

त्याची आजची पँट धुवायला टाकली होती. खिसे उलटे करून बघितले. रिकामे होते. उद्याही बघेन.